डावीकडचा पडदा

११ फेब्रुवारी

चिंधे,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज आधी रागावतो, मग देतो. फोनवर तू इतकी कुजबुजतेस की मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय.

पार्सलमध्ये मुंगीचा चष्मा आहे. फ्रेम तिने सांगितली तशी जांभळीच. काचा मी स्वतः घासून बसवल्यात. पण नंबराची चिठ्ठी दोनदा वाचली, मग माझा चष्मा पुढे-मागे करून तिसऱ्यांदा वाचली. उजव्याला चार, डाव्याला साडेपाच. सहा महिन्यांपूर्वी अडीच आणि तीन होता. अगं, सात वर्षांच्या पोरीचा नंबर आहे की टॅक्सीचं मीटर?

दुकानात रोज दोन-तीन आया अशाच चिठ्ठ्या घेऊन येतात. पूर्वी टीव्हीला नावं ठेवायच्या. टीव्ही निदान भिंतीला तरी असायचा, हा टॅब नाकालाच टेकलेला. लहान मुलाचा डोळा वाढत असतो. सारखं जवळचंच बघितलं की तो मागच्या बाजूला लांबत जातो, आणि एकदा लांबला की परत आखूड होत नाही. जावईबापूंनाही हे वाचून दाखव. तिला रोज दोन तास उघड्यावर सोड. खेळली नाही तरी चालेल, नुसतं इकडे-तिकडे बघत बसली तरी पुरे.

आणि खरं सांग, किती वेळ असतो तो टॅब तिच्या हातात?

नवीन नंबराने दोन दिवस गरगरेल. मामाने सांगितलंय म्हणावं, जिना उतरताना कठडा धरायचा.

तुझा दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

कुजबुजू नको तर काय करू? ह्यांची बेकरीत रात्रपाळी. सकाळी आठला येतात, अंगाला मैदा तसाच, आणि पडतात ते चारपर्यंत. खोली एक. मी मशीनसुद्धा पाय जपून चालवते. पत्रात निदान ओरडता तरी येतं.

तर ओरडते. टॅब दिला कोणी रे तिला? वाढदिवसाला खोक्याला रिबीन बांधून पाठवला कोणी? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

माझंही ऐकून घे. मुंगी बारापर्यंत शाळेतून येते. त्या वेळी घरात काय असतं? झोपलेला बाप, तापलेली इस्त्री, माझ्या हातात वीतभर कात्री आणि जमिनीवर पसरलेलं दुसऱ्याचं कापड. दोन वर्षांपूर्वी इस्त्रीला हात लागला, मनगटावर अजून डाग आहे. तेव्हा ती इतकी रडली की हे दचकून उठले, आणि त्या पाळीत बेकरीत उभ्या उभ्या डुलकी लागली म्हणून बोलणी खाऊन आले. त्यानंतर तुझा टॅब आला. मला तर देवच भेटला. पलंगाच्या कोपऱ्यात बाबांच्या पायाशी बसते, कानात ती बोंडं घालते, हूं नाही की चूं नाही. शेजारीण म्हणते, तुमच्या घरात मूल आहे हे कळतच नाही. मी ते कौतुक समजते.

आणि अगदीच दिवसभर नाही बघत. तासभर, फार तर दीड.

कामाचं म्हणशील तर फर्निशिंगवाल्याने आता सगळे पडदे माझ्याकडेच द्यायला सुरुवात केलीये. खोलीत आडवी दोरी बांधून त्यावर तयार पडदे टाकते. मुंगी म्हणते, आपलं घर नाटकाचं थिएटर झालंय.

वहिनीला नमस्कार.

चिंधी


२ मार्च

चिंधे,

टॅब मीच दिला, कबूल. कान धरले. वहिनी म्हणाली, बरं झालं कोणीतरी तुम्हाला सुनावलं.

तास-दीड तासच असेल तर मी उगाच आवाज चढवला. मग हा नंबर आपल्याच घरातून आला असणार. माझा नऊ आहे, आईचा चष्मा तर काचेच्या पेपरवेटसारखा होता. भाचीने मामाचं नाक घ्यावं, रंग घ्यावा, हिने नेमका डोळाच घेतला.

एक कर. दर वीस मिनिटांनी तिला खिडकीपाशी उभी कर आणि लांबचं काहीतरी मोजायला लाव. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, तारेवरचे पक्षी, काहीही. आणि झोपून बघू देऊ नकोस.

तुझ्या शब्दावर विश्वास आहे. नाहीतर तुझ्या धाकट्या तोंडाचा मी एवढा मार खाल्ला नसता.

दादा


२८ मे

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला. मधे लग्नसराईचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर लिहायला हात धजत नव्हता.

चष्मा परत पाठवतेय. नाक्यावरच्या चष्मेवाल्याने मशीनवर डोळे बघून चिठ्ठी दिली ती आत आहे. उजव्याला साडेपाच, डाव्याला आठ. तू रागावण्याआधी सांगते, मी स्वतःवर पुरेशी रागावून झालेय.

सुट्टी लागायच्या आधी बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं, वर्गात डुलक्या काढते, चिडचिड करते, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते. डोकं दुखतं म्हणून दोनदा घरी पाठवली. खाली खेळायला जा म्हटलं तर जात नाही. खालची पोरं तिला "बशी" म्हणतात, चष्म्यावरून. त्यात एक पोरगी फारच आगाऊ आहे, ती म्हणते, बशी आली, आता कप कुठाय? मला हसू आलं. मुंगीला आलं नाही.

ह्यांनी एक दिवस चिडून टॅब उचलून कपाटावर टाकला. ती जी रडायला लागली ती थांबेचना. तीन दिवस तसंच. हे तीन दिवस डोळ्याला डोळा न लागता कामावर गेले आणि तिसऱ्या दिवशी भट्टीच्या दाराला हात लागून कोपरापर्यंत भाजून आले. चौथ्या दिवशी ह्यांनीच स्टूल घेऊन टॅब खाली काढला आणि तिच्यासमोर ठेवला. मीही अडवलं नाही. त्या दुपारी घरात काय शांत वाटलं म्हणून सांगू.

चष्मा लवकर पाठव. तोपर्यंत त्याच्याही आधीचा, अडीच-तीनचा घालतेय.

चिंधी


६ जून

चिंधे,

चष्मा पाठवलाय. ह्या वेळी पातळ काच वापरलीये, किंमत विचारू नकोस, मामा आहे मी तिचा. कडा घासून घासून इतक्या बारीक केल्यात की आता तरी कोणी बशी म्हणणार नाही.

एक सांगतो, घाबरायचं कारण नाही, फक्त खबरदारी म्हणून. नंबर असा भराभर वर गेला की मोठ्या डॉक्टरांकडून डोळ्यांत थेंब घालून आतून तपासणी करून घ्यावी, असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो. नाक्यावरचं मशीन नुसता नंबर सांगतं, डोळ्याच्या आत काय चाललंय ते सांगत नाही. सवडीने जाऊन ये.

जावईबापूंचा हात कसा आहे? मलम लावताहेत का, की पीठच लावताहेत?

आणि चिंधे, ते तास-दीड तासाचं पुन्हा एकदा सांग. मी रागावणार नाही.

दादा


९ ऑगस्ट

प्रिय दादा,

तपासणीला जाऊन आले रे, पण नुसती जाऊन आले. तिथे म्हणाले, थेंब घातले की तीन तास बसावं लागेल, आणि दिवसभर तिला जवळचं धूसर दिसेल. त्या दिवशी माझ्याकडे तीन तास नव्हते. एका हॉटेलची मोठी ऑर्डर आहे, चौसष्ट पडदे, सगळ्यांना आतून काळं अस्तर. महिनाअखेर द्यायचेत. ते झाले की पहिल्यांदा डॉक्टर, शप्पथ.

चौसष्ट पडद्यांनी घरात पाय ठेवायला जागा नाही. आणि तुझ्या भाचीच्या डोक्यातही पडदेच शिरलेत बघ. परवा पलंगावर उशीत अर्धं तोंड खुपसून टॅब बघत होती (झोपून बघू नको म्हणून हजारदा सांगितलंय), तर म्हणते, "आई, पडदा बाजूला कर ना." मी म्हटलं, "हळू बोल, बाबा झोपलेत, खिडकीचा पडदा उघडायचा नाही." तर म्हणे, "खिडकीचा नाही, डावीकडचा. टॅबवर येतो." मी दोरीवरचे पडदे उचलून दुसऱ्या टोकाला सारले. काल परत तेच, "आई, अजून आहे." आता डावीकडे पडदा सोड, चिंधीसुद्धा नव्हती! मी रागावले. म्हटलं, काम करू देतेस का, का बोलवू बाबांना? तेव्हापासून गप्प आहे. ह्या पोरीची नाटकं म्हणजे!

वेंधळी पण झालीये हल्ली. दाराच्या चौकटीला खांदा आपटते, भांड्यात पाणी ओतताना निम्मं ओट्यावर. चष्मा सैल झाला असेल का?

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर पुढच्या पत्रात लिहिते. आता अस्तर बोलावतंय.

चिंधी


१८ ऑगस्ट

चिंधे,

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. पडदेवालीच्या पोरीला उघड्या खोलीतही पडदा दिसतो, वा! चौसष्ट झाल्यावर पासष्टावा तिच्यासाठी शिव आणि तिलाच बाजूला सारू दे.

वेंधळेपणाचं कारण मला कळलं. फ्रेम डाव्या बाजूने उतरली असणार, मग काचेचा मधला भाग डोळ्यासमोर राहत नाही आणि अंदाज चुकतो. नाकापेक्षा मोती जड! सोबत नाकावरची मऊ रबरं आणि बारीक स्क्रू पाठवतोय. दांडी गरम पाण्यात धरून कानामागे किंचित वाकव. जोर लावू नकोस, तुला सगळं शिवणयंत्राच्या ताकदीने करायची सवय आहे.

ऑर्डर संपली की डॉक्टर. विसरू नकोस.

दादा


३ सप्टेंबर

दादा,

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितेय. फोनवर तू विचारत होतास आणि मला बोलता येत नव्हतं, म्हणून लिहिते.

२१ तारखेला तुझा फोन आला तेव्हा हे झोपलेले होते. फोन ह्यांच्या उशाखाली. ह्यांनी तो झोपेतच कानाला लावला, आणि मग मी पाहिलं तर हे पलंगावर उठून बसलेले. मला म्हणाले, "दादा म्हणतायत, ती पडदा पडदा म्हणते ना, तो तिच्या डोळ्यात आहे. आत्ताच्या आत्ता घेऊन जा." मी म्हटलं, "दादा चेष्टा करत असेल." हे म्हणाले, "ते रडतायत."

गेलो तसेच. डॉक्टरांनी थेंब घातले, कपाळाला दिवा लावून कितीतरी वेळ बघितलं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही बघितलं. म्हणाले, डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. भिंतीवरचा कागद सुटावा तसा. एका कडेने सुरू झालं असणार, तेव्हा तिला एका बाजूने काळं दिसत असेल. आता मधला भागही सुटला. मी विचारलं, किती दिवस झाले असतील? ते म्हणाले, "तिने काही सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं की रे. चांगलं मराठीत सांगितलं होतं. मीच तिला गप्प केलं.

२३ ला ऑपरेशन झालं. डोळ्यात तेल भरलंय, पडदा दाबून धरायला. डोळ्यात तेल घालून जपणं म्हणतात ते हे असं असेल हे मला काय माहीत. दिवसरात्र पालथं झोपायचं, तोंड खाली. मुंगी तक्रार करत नाही. तिला सवय आहे. टॅब बघायला ती अशीच पडून राहायची.

आता तुझं उत्तर. तासभर नव्हतं दादा. शाळा असली की सात तास, सुट्टीच्या दिवशी दहा. मी घड्याळ लावून मोजलं नाही कधी, पण आता बाकावर बसून एक एक दुपार मोजलीये. तुला खोटं सांगितलं. पहिल्या पत्रातच खरं सांगितलं असतं तर तू पुढच्या गाडीने आला असतास, मला माहीत आहे. म्हणूनच नाही सांगितलं.

मी डॉक्टरांना विचारलं, टॅबमुळे झालं का? ते म्हणाले, नुसत्या टॅबने पडदा सुटत नाही. नंबर भराभर वाढला, डोळा लांबला, पडदा ताणून पातळ झाला, आणि काहींचा तो मुळातच कच्चा असतो. ह्यातलं किती कशामुळे ते कोणी सांगू शकणार नाही. ते मला धीर देण्यासाठी बोलले असावेत. पण मला कोणीतरी नेमका आकडा सांगायला हवा होता.

तुला कसं कळलं रे?

चिंधी


११ सप्टेंबर

चिंधे,

विचारलंस ते बरं केलंस, नाहीतर मी हे कधीच लिहिलं नसतं.

२१ ला दुकानात एक निवृत्त मास्तर आले. वाचायचा चष्मा घ्यायचा होता. बोलता बोलता म्हणाले, "दोन दिवस झाले, उजवीकडून पडदा आल्यासारखं वाटतंय." मी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि त्यांना म्हटलं, मास्तर, चष्मा राहू द्या, आधी रिक्षा करा आणि डोळ्यांच्या रुग्णालयात जा, आजच. ते माझ्याकडे बघत राहिले. मी रिक्षा थांबवून त्यांना बसवलं. आमच्या धंद्यात हे पाठ असतं गं. पडदा शब्द ऐकला की गिऱ्हाईक सोडायचं आणि माणूस पळवायचा. पहिल्याच महिन्यात शिकवतात.

परत येऊन मशीनवर काच धरली आणि माझा हात थांबला. पडदा बाजूला कर ना. टॅबवर येतो. डावीकडचा.

तुझं पत्र मला १३ तारखेला मिळालं होतं. मी ते दुकानात वाचून दाखवलं, चिंधे. हसलो. लोकांना हसवलं. तू पडदे शिवतेस, म्हणून मला पडदा म्हटल्यावर कापडच दिसलं. अनोळखी मास्तरांचा पडदा मला एका श्वासात कळला आणि माझ्या मुंगीचा कळायला आठ दिवस लागले. वर तिला रबरं आणि स्क्रू पाठवले मी.

तू तुझ्या दुपारी मोजतेस, मी हे आठ दिवस मोजतो. आणि त्याही आधीचं सांगतो. मे महिन्यात आठचा नंबर आला, तेव्हा मला भीती वाटली होती. "सवडीने जाऊन ये" असं लिहिलं, कारण तू घाबरशील आणि जावईबापू म्हणतील, मेव्हणा उगाच नाक खुपसतो. दुसऱ्या कोणाची पोर असती तर तपासणीचा कागद आणल्याशिवाय मी चष्मा करून दिला नसता. तुझ्या पोरीला मी पातळ काच करून दिली.

तू खोटं बोललीस असं परत लिहू नकोस. बेकरीत भाजलेला नवरा, एक खोली आणि त्यात एक मूल, ह्यात मी असतो तर मीही तासभरच म्हणालो असतो.

रविवारी येतोय. वहिनीही आहे.

दादा


२० नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू गेल्यावर आठवड्याने पडदा परत सुटला, ते तुला फोनवर सांगितलंच. दुसरं ऑपरेशन झालं. काल शेवटची तपासणी होती. डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, "उजेड." त्यांनी बोटं दाखवली, किती? ती म्हणाली, "उजेड." मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "चुकलं का?"

आता ह्यापुढे एवढंच राहील म्हणाले. उजव्या डोळ्यात एक पातळ जागा सापडली, तिथे लेझरने टाके घातल्यासारखं केलंय. तो वाचला. तो जपायचा.

हे फार कमी बोलतात. घरी आलो त्या दिवशी ह्यांनी खिडकीचा जाड पडदा दांडीसकट उतरवला. आता भर उजेडात झोपतात, डोळ्यांवर हात आडवा टाकून. मी म्हटलं, झोप लागत नसेल. म्हणाले, लागते. लागत नाही, मला दिसतं ना. बेकरीवाल्याकडे दिवसपाळी मागितलीये. पगार कमी होईल, होऊ दे. फर्निशिंगवाल्याला मी कळवलंय की पडदे नकोत, उशांचे अभ्रे दे. त्याला वाटलं मी भाव वाढवून मागतेय.

टॅब कपाटात आहे. मुंगीने एकदाही मागितला नाही. मागितला असता तर बरं वाटलं असतं असं मला का वाटतं, तूच सांग. दुपारी ती आता मशीनशेजारी बसते आणि बोलत असते. सारखी बोलते रे. सात वर्षांचं साठलेलं बोलते. मी मशीन थांबवून ऐकते, एक शब्दही सुटू नये म्हणून.

डॉक्टरांनी चष्मा लिहून दिलाय. न फुटणारी काच हवी, उजव्या डोळ्याला कधी काही लागायला नको. चिठ्ठीत उजव्यापुढे सहा लिहिलंय. डाव्यापुढे नुसती रेघ मारलीये. त्या रेघेची काच कशी करतात, मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

चिंधी


४ डिसेंबर

चिंधे,

चष्मा पाठवलाय. फ्रेम पुन्हा जांभळीच, तिला विचारून घेतली.

डाव्या बाजूला खरं तर साधी काच चालते. पण तशी बसवली असती तर उजवा डोळा काचेमागे बारीक दिसला असता आणि डावा मोठा, आणि बघणाऱ्याच्या लगेच लक्षात आलं असतं. म्हणून डावीलाही उजवीएवढाच नंबर दिलाय, तेवढीच जाडी, तेवढाच बाक. आतून तिला काही उपयोग नाही. बाहेरून दोन्ही डोळे सारखे दिसतील.

तेहतीस वर्षं काचा घासतोय. दिसावं म्हणूनच घासल्या सगळ्या. ही पहिलीच अशी की जिच्यातून कोणाला काही दिसणार नाही. अख्खी दुपार लागली. दोनदा बिघडली, दोनदा नवी घेतली. सोबत्याने विचारलं, त्या बाजूला इतकं कशाला बघतोस? मला जे येतं ते मी तिच्यासाठी करू शकलो नाही, मग निदान हे तरी नीट करायचं होतं.

घातल्यावर कशी दिसते ते कळव.

दादा


१६ डिसेंबर

प्रिय दादा,

चष्मा पोचला. छान बसला. समोरून बघणाऱ्याला काही कळत नाही, दोन्ही डोळे अगदी सारखे. खालच्या त्या आगाऊ पोरीने निरखून बघितलं आणि म्हणाली, नवा आहे का गं? बास, एवढंच.

रोज सकाळी शाळेत जाताना मुंगी चष्मा पुसते. आधी डावी काच. तिच्यावर हळूच हाऽ करते, रुमालाने गोल गोल पुसते, उजेडाकडे धरून बघते, परत पुसते. मग उजवी. काल फार घाई होती. शाळेची गाडी खाली येऊन उभी, गाडीवाला हॉर्न वाजवतोय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, ती राहू दे, तिची काय गरज आहे?" मुद्दाम नाही रे दादा, निघून गेलं.

तिने हात थांबवला. मला वाटलं आता रडेल. पण ती मला समजावल्यासारखी म्हणाली, "मला तिकडून नाही दिसत. पण तुला माझा डोळा दिसतो ना?"

आणि परत पुसायला लागली. मी खाली गेले आणि गाडीवाल्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब.

चिंधी